अंड्यापायी खराद विकणे आहे

बोरी, दसऱ्याच्या अलीकडचा आठवडा, १९८७

तीर्थरूप दादा यांस,

भिंतीच्या अलीकडून धाकट्या मुंजाजीचा दंडवत. तुमचे पाय इथून दिसत नाहीत, म्हणून भिंतीकडं तोंड करून नमस्कार केला आहे. तो पोचला असं समजावं. आम्ही इकडं खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. वास्तविक मी बिलकुल खुशाल नाही, पण ते पुढं येईलच. तुमच्याकडची खुशाली विचारायची पण रीत आहे, मात्र विचारायला काही शिल्लक राहिलेलं नाही. तुमचा गुडघा तसाच आहे (उठताना 'आई गं' म्हणता ते आमच्या चुलीपर्यंत येतं). कस्तुरावहिनींचं पित्त उतरलेलं दिसतंय, कारण काल भांडी घासता घासता आमच्या घराण्याबद्दल जे बोलल्या त्याला पहिल्यासारखा जोर होता. (घराणं त्यांचं पण तेच आहे, पण रागात माणसाला आठवत नाही.) परवा तुमच्याकडं शेपूची भाजी झाली आणि ती बुडाला लागली. तरी पण रीत म्हणून विचारतो, सगळे कसे आहात?

हे पत्र मी ड्युटीवर जाईन तेव्हा जिंतूरच्या पेटीत टाकणार आहे. आपल्या दोन घरांत हातभर रुंदीची मातीची भिंत, आणि पत्र जिंतूरचा शिक्का खाऊन परत बोरीला येणार, हे मला पण समजतं. पण भिंतीवरून टाकलं तर वहिनी म्हणतील, कचरा टाकला. शिवाय आपला अबोला चालू आहे, आणि अबोला म्हटला की त्याचे पण काही कायदे असतात. पोस्टाच्या शिक्क्यानं आलेलं बोलणं हे बोलण्यात धरत नाहीत, असं मी आमच्या डेपोतल्या एका जाणत्या माणसाला विचारून घेतलं आहे. (त्याचा स्वतःच्या सासऱ्याशी लय वर्षांचा अबोला आहे, म्हणजे माणूस अनुभवी.) तेव्हा हे वाचल्यानं तुमचा पण कायदा मोडत नाही, बेफिकीर वाचावं.

पत्रास कारण की, बापूंचा लाकूड कातायचा खराद मी विकायला काढला आहे. परभणीचा लाकूडवाला बन्सीधर येत्या रविवारी तो बघायला यायलाय. वाटणीत आलेली चीज परक्याच्या हातात द्यायच्या आधी भावाला विचारावं असं बापू सांगून गेले, म्हणून विचारतो. तुम्हाला पाहिजे असला तर सांगा. नको असला तर काही सांगू नका, तसं पण तुम्ही काही सांगत नाहीच.

आता विकायची पाळी का आली, ते खुलासेवार लिहितो, कारण पुढं गावात लोक म्हणतील, मुंज्यानं बापाची निशाणी फुकून खाल्ली. आपले बापू म्हणजे रंगनाथ खरादी. बोरीत ज्या घरात लाटणं आहे ते त्यांनी कातलेलं, ज्या बाजेवर म्हातारी माणसं खोकत पडलीत तिचे पाय त्यांचे, आणि तुम्ही-मी ज्या पाळण्यात ओरडलो त्याच्या मुठी पण त्यांच्याच. ते गेल्यावर पंचांनी तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या. पंच हुशार, त्यांनी एका चिठ्ठीवर 'खराद' लिहिलं आणि दुसरीवर 'खरादाची हत्यारं, पेटीसकट' लिहिलं. खराद निघाला मला, म्हणजे एस.टी.च्या कंडक्टरला, ज्यानं जन्मात तिकिटाला भोक पाडण्यापलीकडं कारागिरी केलेली नाही. आणि पटाशांची पेटी निघाली तुम्हाला, म्हणजे ज्याला खराद पाहिजे होता त्याला. नुसता खराद म्हणजे गिरणीचा सांगाडा, आणि नुसत्या पटाशा म्हणजे कान कोरायच्या पण कामाच्या नाहीत. आपण दोघं त्या दिवशी लय हसलो होतो. पंचांना वाईट वाटेल म्हणून बाहेर जाऊन हसलो.

आणि चाललं पण होतं ना चांगलं. सकाळी तुम्ही मागच्या दारानं पेटी घेऊन यायचात, आमच्या पडवीत खरादावर बसायचात, आमची कारभारीण कडू तुम्हाला चहा द्यायची, मी बॅग अडकवून गाडीवर जायचो. संध्याकाळी येईपर्यंत पडवीत सालपटांचा ढीग आणि भिंतीला टेकवलेली नवी लाटणी. पेटी तुमच्या घरी मुक्कामाला, खराद माझ्या घरी. कुणाला काही तक्रार नव्हती. मग आली ती कोंबडी.

कडूनं ती तलंग तिच्या माहेराहून, येलदरीहून आणली. (येलदरीची माणसं धरणाचे मासे खाऊन मोठी झालेली, त्यांना कोंबडीची पारख काय असणार; पण हे मी घरात म्हणू शकत नाही, म्हणून इथं लिहितो.) आमचा दाणा खायची, आमच्या डालग्याखाली झोपायची, आणि दुपार झाली की भिंतीवरून उडून तुमच्या ओसरीत जायची आणि बापूंच्या त्या पेटीत, पटाशांखाली अंथरलेल्या जुन्या सालपटांवर बसून अंडं घालायची. पेटीचं झाकण मोडलेलं, ते तुम्ही दुरुस्त करीन करीन म्हणत राहिलात. सुताराच्या घरची खुर्ची नेहमी तीन पायांची असते म्हणतात, ते काय खोटं नाही. कडू म्हणाली, कोंबडी आमची, दाणा आमचा, अंडं आमचं. वहिनी म्हणाल्या, ज्याच्या घरात घातलं त्याचं, आमी काय हात धरून आणलं का तिला? कडू म्हणाली, उद्या माझी म्हैस तुमच्या दारात यायली तर रेडकू ठेवून घ्याल का? ह्याच्यावर वहिनी जे बोलल्या ते सरकारी पोस्टातून पाठवता येणार नाही. मग तुम्ही मध्ये पडलात, मग मी पडलो, आणि शेवटी तुम्ही म्हणालात, तुमचा खराद तुमीच चाटा, आणि मी म्हणालो, तुमच्या पेटीवर तुमीच बसा खुडूक होऊन. तेवढ्यात कडूनं मागच्या दाराला आतून कडी घातली. तेव्हापासून तुम्ही ओसरीत बसून लोकांच्या कुऱ्हाडीला दांडे घालायलात आणि आमच्या पडवीत खरादावर पोतं पडलंय.

मला हे सगळं मिटवायचं होतं, दादा. माझा हेतू चांगला होता, आणि माझ्या सगळ्या फजित्या चांगल्या हेतूनंच झालेल्या आहेत. गाडीत एक म्हातारी म्हणाली, कोंबडीला जिथं अंडं दिसतंय तिथंच ती घालती. खरं ठेवलं तर नासतंय, लाकडाचं ठेवावं, तिला काय कळतंय. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या टोपलीत एक लाकडी अंडं ठेवलं की कोंबडी इकडं घालील, वाद संपला, कडी निघाली, तुम्ही पुन्हा चहाला आलात. आणि मी कोण, तर रंगनाथ खरादीचा मुलगा. घरात खराद. नामांतराच्या बंदमुळं गाड्या डेपोत उभ्या, मी घरी. एक अंडं कातायला लागतंय काय? लाटणं लांब असतं, बाजेच्या पायाला घाट असतो, अंड्याला तर काहीच नसतं. इथंच माझं चुकलं. अंड्याला काहीच नसतं म्हणूनच ते जमत नाही, हे मला आता कळलंय, आणि आता कळून काही उपयोग नाही.

पहिली अडचण नमुन्याची. अंडं कातायचं तर समोर अंडं पाहिजे, आणि घरची सगळी अंडी तुमच्या पेटीत. म्हणून मी शिवरुद्रअप्पांच्या दुकानात गेलो. माझी अक्कल बघा: लिंगायताचं दुकान, सोमवारचा दिवस, अप्पा नुकतंच कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसलेले, आणि मी विचारलं, एक अंडं मिळंल का? अप्पांनी तराजूच खाली ठेवला. आतून नीलम्मा काकू बाहेर आल्या आणि मी उभा होतो तिथं पाणी शिंपडून परत आत गेल्या. मी म्हणालो, अप्पा, खायला नको हो, नुसतं बघायला पायजे. अप्पा म्हणाले, "मुंजाजीराव, खानारा परवडला. बघायला म्हंजे काय?" मग मी सगळी हकीकत सांगितली. माणूस दयाळू, त्यांनी पोत्यातून एक बटाटा निवडून दिला आणि म्हणाले, "ह्याच्याकडं बगून काता, आन पुन्यांदा तो शब्द ह्या उंबऱ्यात काढू नका." माझं पहिलं अंडं बटाट्यासारखं का झालं, त्याचा खुलासा हा असा आहे.

गाड्या सुरू झाल्यावर परभणीच्या बाजारातून खरं अंडं घेतलं आणि सुरक्षित राहावं म्हणून खुर्द्याच्या बॅगेत ठेवलं. (हसू नका. पेटीत पटाशांबरोबर अंडी ठेवणाऱ्यांनी तर मुळीच हसू नये.) झरीच्या अलीकडं खड्डा आला. मी एका माळकरी बाईंना सुट्टे पैसे परत दिले, आणि त्यांनी ते पैसे, मग माझा हात, मग माझं तोंड असं ओळीनं बघितलं. बोरीपर्यंत त्या बाई तळहात पुढं धरून बसल्या होत्या, कशाला शिवल्या नाहीत. त्या दिवसाचा हिशेब मी तांब्याभर पाण्यात धुऊन दिला. नमुन्याचा नाद तिथंच सोडला आणि आठवणीवरच कातायचं ठरवलं.

दुसरी अडचण हत्यारांची. पटाशा तुमच्याकडं, आणि मागायची सोय नाही. भंगारातली एक लोखंडी पट्टी आणली, दगडावर घासली, तिला कडूच्या जुन्या लाटण्याचा दांडा बसवला. (लाटणं बापूंचं होतं. दोन्ही टोकं तुटलेलीच होती, पण मला माफी असावी.) लाकूड घेतलं बाभळीचं, मजबूत म्हणून. खरादाच्या दोन लोखंडी टोकांत ते अडकवलं, पायडल मारलं, पट्टी टेकवली, आणि असा आवाज झाला की समोरच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. बाभळीला ओरखडा पण गेला नाही. पट्टीला मात्र दात आले. मग कडुलिंबाचं घेतलं. ते कातलं जायला लागलं, म्हणजे एका बाजूनं जायला लागलं. त्याची विटी झाली. पुढच्याचा भोवरा झाला. त्याच्या पुढच्याला मध्येच कंबर आली. अंड्याला कंबर कुठून आली ते मला आजपर्यंत समजलेलं नाही. एकाला मी इतकं नीट करत बसलो की नीट करता करता ते बोराएवढं राहिलं. आणि बाकीची उडाली. टोकांतून निसटलं की कुठं जाईल ते ब्रह्मदेवाला माहीत नाही: एक पाण्याच्या घागरीवर बसलं, एक ताकात पडलं, एक माझ्या कपाळावर (गाडीत विचारणाऱ्यांना मी दार लागलं म्हणून सांगितलं). कडूनं काही वाया घालवलं नाही. विटी बाजेच्या हलणाऱ्या पायाखाली गेली, भोवरा तेलाच्या बाटलीचं बूच झाला, उरलेली चुलीत गेली. लिंबाचा धूर कडू, त्यात तिचं नाव कडूबाई, आणि त्यात ती म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हणालो, अंगण वाकडंच आहे, मध्ये भिंत घातली की दुसरं काय होणार.

पण मला खरं खाल्लं असेल तर तुमच्या खोकल्यानं. मी पायडल मारायला लागलो की तुम्ही पलीकडं ओसरीत येऊन बसायचात, हे मला दिसायचं नाही पण बाजेची करकर ऐकू यायची. आणि मी जरा चुकलो की तुमचा खोकला. पट्टी जास्त दाबली, खोकला. बारीक बाजूकडून जाड बाजूकडं ओढली, लगेच खोकला. जन्मभर लाकडाचा भुसा नाकात गेला तेव्हा खोकला नाहीत, आणि आता माझ्याच मुहूर्तावर तुमची छाती भरून यायला लागली. मला कळत का नाही? हा टोमणा होता. कडू म्हणाली, "अवो, थोरले सांगायलेत तुमाला. खोकला आदी येतोय, लाकूड मागून उडतंय, बगितलं का?" मी म्हणालो, तू चूल बघ. (नंतर ध्यान देऊन ऐकलं तर तसंच होतं खरं, आधी खोकला, मग लाकूड. पण रागावलेल्या माणसाला सगळे योगायोग सारखेच दिसतात.)

शेवटचं अंडं तुम्हाला ठाऊक आहे. ते जमलं होतं, दादा. देवाशपथ जमलं होतं. एक अंग निमुळतं, एक अंग भरलेलं, नुसती दोन्ही टोकांची देठं कापायची राहिली होती. मी पायडल मारताना श्वास पण घेत नव्हतो. कडू परात खाली ठेवून बघत उभी राहिली, आणि ती उभी राहून माझ्याकडं लग्नानंतर पहिल्यांदाच बघत असेल. जरा अजून गुळगुळीत करावं म्हणून मी पट्टी पुन्हा टेकवली, आणि पलीकडून खोकला. मी सोडलं नाही. पुन्हा खोकला, मग असा खोकला की जसा काही जीव चाललाय. मी मान वळवून भिंतीला म्हणालो, सितोपलादी चाटा म्हणावं. मान वळली तशी पट्टी वळली, कर्रकन घाव बसला आणि अंडं देठांसकट उडून भिंतीपलीकडं तुमच्या अंगणात पडलं. ते परत आलं नाही. मी मागत पण नाही. ज्याच्या घरात पडलं त्याचं, असा तुमच्याकडचा कायदा आहे.

तेव्हा मी पडवीत उभा राहून ओरडलो की विकून टाकतो हा खराद. ते तुम्ही ऐकलं असणार, शिवरुद्रअप्पांनी दुकानात ऐकलं. पण खरं सांगू का, दादा, त्याच्या नंतर तुमचा खोकलाच बंद झाला. बाजेची करकर नाही, 'आई गं' नाही, दांडा ठोकल्याचा आवाज नाही. मी खामखा दोनदा पायडल मारून बघितलं, नुसतंच, लाकडाशिवाय. पलीकडं सामसूम. इतके दिवस मी त्या खोकल्याला वैतागलो होतो, आणि आता तो नाही तर घास उतरत नाही. हा खराद घरात असला की असाच गप्प बसून राहणार आणि मी त्याच्याकडं बघत बसणार. त्याच्यापेक्षा गेलेला बरा. त्याला न वापरता गंजू द्यायचा म्हणजे बापूंना उपाशी ठेवण्यासारखं आहे, आणि मला तर त्यांना जेवू घालता येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

वहिनींना नमस्कार. शेपू जरा मंद आचेवर करावी.

तुमचा धाकटा (हे वाटणीत बदलत नाही),
मुंजाजी

ता. क. पत्र खिशातच राहिलं, कारण मला अचानक येलदरीच्या गाडीवर पाठवलं आणि जिंतूरची पोस्टाची पेटी हुकली. मधल्या काळात आमच्याकडं चोरी झाली आहे, ती तुम्हाला शेजारी म्हणून कळवणं भाग आहे. मी ड्युटीवर असताना कुणीतरी पडवीत घुसून खराद वापरला. चोरानं खरादाला तेल दिलं, ढिला पट्टा ताणला, पोतं काढून चौघडी घालून ठेवलं. खालती सालपटं पडलीत, हातभर लांब आणि सलग. माझ्या हातून फक्त भुसा पडतो. बसायचा पाट त्यानं उजवा पाय लांब करता येईल असा सरकवला, म्हणजे चोराचा उजवा गुडघा दुखत असावा. आणि टोपलीत ठेवून गेला ते माझंच अंडं. भिंतीपलीकडं गेलेलं. देठं कापून, थोडं लहान करून, असं गुळगुळीत की हातातून सुटावं. माझा घाव मात्र त्यानं सगळा काढला नाही. तेवढ्या जागेवर दोन बारीक रेघा ओढल्या, बापू आपल्या प्रत्येक कामावर ओढायचे तशा. घाव आता फक्त मलाच दिसतो.

आता प्रश्न असा की मागच्या दाराची कडी आतून असताना चोर आला कसा. कडूला विचारलं तर म्हणते, "कोन येतंय मेलं? मी तर दळन आनायला गेल्ते." घरात पीठ नव्हतं. दोन कपबशा मात्र धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या.

ता. क. दुसरा. चोर आपली हत्यारांची पेटी इथंच विसरून गेलेला आहे. (एवढी जड पेटी माणूस कसा विसरतो, हे त्यालाच माहीत.) आज दुपारी कोंबडी नेहमीप्रमाणं भिंतीवरून तुमच्याकडं गेली, तिथं काय दिसलं नाही म्हणून ओरडत परत आली, सगळं घर हुडकलं, आणि खरादाखाली पेटी दिसल्यावर आत बसली आणि अंडं घालून उठली. टोपलीतल्या लाकडी अंड्याकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. म्हणजे तिला तुमचं घर नको होतं आणि माझं अंडं पण नको होतं, तिला फक्त पेटी पाहिजे होती. मी जे लिंबाचं झाड वाया घालवलं, कपाळ फोडून घेतलं, अप्पांचं दुकान बाटवलं, ते सगळं फुकट. आता कायद्याचा पेच: कोंबडी आमची, पेटी तुमची, पडवी आमची, सालपटं चोराची. कडू भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, अर्धी अर्धी करू म्हणावं. पलीकडं भांडी घासायचा आवाज एकदम हळू झाला.

ता. क. तिसरा आणि खरा. बन्सीधरला मी नको म्हणून सांगितलं आहे. त्या चोराची आणि तुमची गाठ पडली तर माझा एवढा निरोप द्यावा. मागच्या दाराची कडी मी खिळ्यांसकट उपटली आहे, तेव्हा कडूला खोटं बोलायला लावायची गरज नाही. पुढची चोरी त्यानं मी घरी असताना करावी. माझी सुट्टी त्याला ठाऊक आहे. पटाशी धरायची कशी तेवढं एकदा दाखवावं, आणि मी चुकायला लागलो म्हणजे त्यानं भिंतीपलीकडून खोकू नये, माझ्या शेजारी बसून खोकावं.

हे पत्र आता जिंतूरला नेत नाही, तुमच्या दाराखालून सरकवायलोय. ह्याच्यावर शिक्का नाही. तेव्हा हे बोलण्यात धरावं.